अनेने सरांची चौकशी

सिनेमाचं नाव होतं ‘बापाचं अंडं’. तो इतका टुकार होता की कुणीही अर्ध्यात उठून गेलं असतं. अनेने सरांनी मात्र तो दोनदा पाहिला.

पहिल्यांदा पाहिला तो बायको बघत होती म्हणून. संध्याकाळची भांडी आवरली की फोन टीव्हीला जोडायचा आणि एक सिनेमा संपवायचा, हा तिचा, म्हणजे एबुबेच्या आईचा नेम होता. सर शेजारच्या खुर्चीत बसून चुका काढत. तीस वर्षं परीक्षेच्या हॉलमध्ये पर्यवेक्षक म्हणून घालवलेला माणूस. बाहीत, बुटात, वेण्यांत, कुठे कुठे चिठ्ठ्या लपवतात ते त्यांना पाठ होतं. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, तरी त्यांच्या गावच्या, अवकाच्या बाजारात सर समोरून आले की पोटं सुटलेले बापये अजून गपकन खिशातून हात बाहेर काढत. असा माणूस सिनेमा काय सुखाने बघणार?

तर या सिनेमात एक तेलाचा व्यापारी होता आणि त्याचा एकुलता एक मुलगा, अंड्यासारखा तळहातावर जपलेला. पोरगा शिकायला म्हणून परदेशी जातो, तिथे मजा मारतो आणि बापाला खोट्या पदव्यांचे फोटो पाठवतो. बाप प्रत्येक फोटोला एक गाय कापतो आणि गावजेवण घालतो. सुरुवातीच्या पाट्या पडत होत्या तेव्हाच एक बाई मागून गाण्यात सगळी गोष्ट सांगून मोकळी झाली होती, त्यामुळे पुढचे दोन तास नुसती वाट बघायची. आणि शेवटाचं तर काही विचारू नका. पोराच्या स्वप्नात वीज चमकली, पांढऱ्या झग्यातला एक म्हातारा बोट दाखवून गेला, आणि उठल्यावर पोरगं सुधारलेलं. बापाच्या पायावर लोळण, देवाचा महिमा, समाप्त.

“त्या पदवीवरचा शिक्का बघ,” सर म्हणाले. “तिरका आहे. आंधळ्यालासुद्धा कळेल. असा बाप असतो का कुठे?”

एबुबेची आई हरमतानच्या कोरड्या वाऱ्याची धूळ आत येतेय म्हणत खिडकी लावायला उठली.

दुसऱ्यांदा त्यांनी तो पाहिला एका फाटकासाठी. शेवटच्या प्रसंगात पोरगा घरी परततो तेव्हा फाटकाच्या दोन खांबांवर सिमेंटचे दोन सिंह दिसत होते, आणि डावीकडच्या सिंहाला एक कान नव्हता. हा बिनकानाचा सिंह सरांनी आधी कुठेतरी पाहिला होता. त्यांनी सिनेमा पुन्हा लावला, चित्र थांबवलं, नाक टीव्हीला लागेल इतक्या जवळ गेले, आणि त्यांना आठवलं. ओलाएडोने दाखवलेला फोटो! होणारी सासू आणि ती हसत उभ्या होत्या ते याच फाटकासमोर.

ओलाएडो म्हणजे सरांच्या भावाची मुलगी. भाऊ गेला तेव्हा चार वर्षांची होती, तेव्हापासून याच घरात वाढली. आता ओनित्शाच्या एका दवाखान्यात नर्स होती. नदीपलीकडे असाबाला नदुका मोर्दी नावाचा मुलगा होता, बर्फातल्या मासळीचं गोदाम चालवणारा. त्याच्याशी तिचं जमलं होतं. येत्या शनिवारी त्याची माणसं ताडी घेऊन दार ठोठावायला, म्हणजे मागणी घालायला येणार होती. बाप नाही, तेव्हा तिच्यासाठी हो किंवा नाही म्हणायचं ते सरांनी. आणि त्याआधी चौकशी करायची तीही त्यांनीच. मुलगी द्यायची तर घराण्याची चौकशी ही हवीच: कुणी वेडं झालं होतं का, कुणाचा हात चोरटा आहे का, त्या घरातले पुरुष बायकांवर हात उचलतात का. ती गुपचूप करायची असते, पाहुणा म्हणून जाऊन नाही. आणि चौकशी करून आलेल्या माणसाने नाही म्हटलं, तर त्याला कारण विचारायचं नसतं.

“पाणी मुरतंय,” सर बायकोला म्हणाले. “नेमकं त्याच घरात ही गोष्ट का घडावी?”

असाबात सिनेमावाल्यांना अर्धी घरं भाड्याने देतात, बाहेर सिंह असले की श्रीमंताचं घर होतं, त्यात काय एवढं, असं तिने समजावून पाहिलं. गेल्याच आठवड्यात तिने एका सिनेमात तेच फाटक पाहिलं होतं आणि त्यात तिथे एक राजा राहत होता. पण सरांना एकदा वास लागला की लागला. घर देणारी बाई चहाच्या वेळी चार गोष्टी बोलते, लिहिणारा कान देऊन ऐकतो, आणि असाच सिनेमा होतो. मोर्दीबाईंचा मुलगा लाडावलेला असणार. मासळीचं गोदाम हे सगळं सोंग.

मंगळवारी निघताना ओलाएडो त्यांच्या शर्टाला इस्त्री करून घेऊन आली. तिचा चेहरा उतरलेला होता. काका सिनेमा बघून चौकशीला निघालेत हे तिला कळलं होतं, आणि काका एकदा नाही म्हणाले की ते ‘नाही’ पुन्हा हलत नाही हेही तिला ठाऊक होतं.

“काका, नदुका तसा नाही,” ती म्हणाली.

“तसा कसा हे मी बघतो. मुलगा कसा असावा ते बघायचं असेल तर आपल्या एबुबेकडे बघ.”

एबुबे, त्यांचा मुलगा, विद्यापीठात चौथ्या वर्षाला होता. दर सहामाहीला त्याच्या निकालाचा फोटो फोनवर येई. सर तो बाजारात जाऊन कागदावर छापून घेत, निळ्या फायलीत लावत आणि आलेल्या पाहुण्याला चहापाण्याच्या आधी दाखवत. ओलाएडोने मान खाली घातली आणि कॉलर नीट केली.

पूल ओलांडून सर असाबात उतरले ते प्लॉट बघायला आलेलं गिऱ्हाईक बनून. हातात नकाशाची गुंडाळी होती, ती शेजाऱ्याच्या विहिरीची होती. केके रिक्षावाल्याला त्यांनी मोर्दींच्या घरापासून दोन गल्ल्या अलीकडेच उतरवायला सांगितलं. माग काढणाऱ्याने माग ठेवायचा नसतो, हे त्यांचं तत्त्व.

कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याने टायरमधून डोकं न काढता सांगितलं की नदुका देवमाणूस आहे. सरांना ते आवडलं नाही. एका माणसाचं इतकं चांगलं दुसऱ्याला का बोलावंसं वाटतं? बहुधा फुकट मासळी मिळत असणार. पुढे मोईमोई, म्हणजे पानात उकडलेल्या डाळीच्या वड्या, विकणारी बाई होती. तिच्याकडून सरांनी दोन घेतल्या, उभ्याउभ्या खाल्ल्या आणि सहज विचारल्यासारखं विचारलं. ती म्हणाली, मागच्या साली तिचा नवरा आजारी पडला तेव्हा नदुकाच्या आईने तिला गाडीतून दवाखान्यात नेलं होतं. म्हणजे हिलाही बांधून ठेवलंय, सरांनी मनात नोंद केली. चर्चमधल्या शिक्षकाने सांगितलं की नदुका रविवारी खुर्च्या उचलायला थांबतो. तिघांचं उत्तर इतकं सारखं आलं की सरांना परीक्षेचा हॉल आठवला. तीन पेपरांत तेच उत्तर म्हणजे चिठ्ठी एकच, आणि ती फिरवलेली आहे.

शेवटी त्यांनी थेट मुळावर घाव घालायचं ठरवलं. ‘बापाचं अंडं’ लिहिलं कुणी, एवढंच त्यांनी पंक्चरवाल्याकडे परत जाऊन विचारलं. त्याने मागच्या रस्त्यावरच्या एका हॉटेलाकडे बोट दाखवलं. सिनेमावाल्यांचा सगळा गोतावळा तिथेच उतरतो म्हणाला, आणि लेखक आंब्याखालच्या टेबलावर असतो.

लेखकाचं नाव लोटाना होतं. तिशीचा, किरकोळ अंगाचा, समोर लॅपटॉप आणि कॅटफिशच्या झणझणीत सुपाचा वाडगा. एकाच वेळी तो दोन सिनेमे लिहीत होता असं त्याने स्वतःच सांगितलं, कारण एक गुरुवारपासून सुरू होणार होता आणि दुसरा कालपासून सुरू झाला होता. सरांनी खुर्ची ओढली आणि आडवळण न घेता म्हणाले, तुझा सिनेमा पाहिला, अगदी वाईट आहे.

लोटाना रागावला नाही. उलट कुणीतरी आपल्यासारखं बोलणारं भेटलं म्हणून त्याला बरं वाटल्यासारखं दिसलं.

“वाईटच आहे, सर. पण गोष्ट खरी होती, आणि फार चांगली होती. निर्मात्याने माती केली.”

खरी. सरांच्या कानांत तो शब्द शिट्टीसारखा वाजला. कुणाची, म्हणून त्यांनी विचारलं. इथल्याच एका पोराची, लोटाना म्हणाला. असाबात असं चालतं. लेखकाकडच्या गोष्टी रोज संपतात, म्हणून तो विचारत फिरतो, आणि ज्याला सांगावीशी वाटते तो एखाद्या जेवणावर आपलं घर उघडं करून बसतो. या पोराने तीन संध्याकाळी बसून सांगितली होती. पहिल्या दोन हसत हसत, तिसरी जरा कमी हसत.

सरांनी खिशातून नदुकाचा फोटो काढला आणि टेबलावर उत्तरपत्रिका ठेवावी तसा ठेवला.

“हाच ना?”

लोटानाने पाहिलं आणि हसला. “हा? हा तर नदुका. आमच्या सुपातली मासळी याच्याकडून येते. हा बिचारा कुठला सिनेमात. आईने घर दिलं की शूटिंग संपेपर्यंत हा गोदामात झोपतो.”

“मग कोण?”

“अवकाचा आहे एक. दीड वर्ष झालं, आमच्याकडे दिवे धरतो. दुसऱ्या वर्षालाच विद्यापीठ सोडलं, घरी सांगितलंच नाही. दर सहामाहीला एका दुकानातून निकाल बनवून घेतो आणि त्याचा फोटो बापाला पाठवतो. बाप तो छापून फायलीत लावतो म्हणे. पाहुण्यांना दाखवतो.”

आंब्याच्या झाडावर कावळे भांडत होते. सरांना वाटलं, अवकात फायली पुष्कळ आहेत, पोरं पुष्कळ आहेत. तीस वर्षांत पकडलेली पोरंही असंच काहीतरी म्हणत असत, सर, ही चिठ्ठी माझी नाही, कुणीतरी टाकली. ते त्यांना आत्ता आठवलं.

“सिनेमात बाप तेलाचा व्यापारी आहे,” ते म्हणाले. त्यांचा आवाज त्यांनाच अनोळखी वाटला.

“तेच तर दुःख आहे, सर. खरा बाप कोण माहीत आहे? परीक्षेचा पर्यवेक्षक. तीस वर्षं नुसती कॉपी पकडली त्याने. मी तसंच लिहिलं होतं, पहिल्या पानापासून. निर्माता म्हणाला, लोटाना, हे काढ, लोक दगड मारतील. असला माणूस स्वतःच्या घरातला खोटा कागद ओळखणार नाही, हे कुणाला पटणार आहे? मग केला तेलवाला. तेलवाला मूर्ख असला तरी चालतो.”

सरांनी पाणी मागितलं. ते प्यायले. मग विचारलं, आणि तो शेवट, ती वीज?

“शेवट त्याने सांगितलाच नाही. म्हणाला, अजून झालेला नाही. मग आम्ही आमच्या मनाने वीज टाकली.”

लोटाना त्या पोराचं नाव सांगायला लागला तेव्हा सरांनी हात वर केला. नको म्हणाले. उठताना त्यांचा गुडघा टेबलाला लागला आणि सूप लॅपटॉपजवळ सांडलं. त्यांनी माफी मागितली, आणि फोटो उचलून खिशात ठेवला.

पुलावर गाड्यांची रांग लागली होती. बस मुंगीच्या पावलाने सरकत होती, आणि सरांचं डोकं मात्र भलत्याच वेगाने चाललं होतं. लाज वाटत होती, संताप येत होता, पण त्याच्याखाली आणखी एक गोष्ट हळूहळू वर येत होती, आणि ती त्यांना लाजेपेक्षाही वाईट वाटली. ती म्हणजे, हे कुणालाही कळायची गरज नाही. कसं कळेल? ओलाएडोचं लग्न असाबात झालं तर. मोर्दींची माणसं चौकशीला अवकाला येतील, लोटाना नदुकाची मासळी खातो, एबुबे त्याच आवारात दिवे धरतो, सगळं एका ताटात येऊन पडणार. पण घरी जाऊन नुसतं म्हटलं, पाणी मुरतंय त्या घरात, तर? कारण कुणी विचारणार नाही. चार शब्द. नदीच्या पलीकडचं पलीकडे राहील, फाईल कपाटात राहील, आणि बाजारातले बापये हात खिशातून काढत राहतील.

त्यांनी ते चार शब्द मनात दोनदा म्हणून पाहिले. छान जमत होते. ओनित्शा आलं, बस बदलली, तरी जमत होते. अवकाच्या थांब्यावर उतरेपर्यंत तर ते पाठही झाले होते, आणि आपल्याला ते इतके चटकन पाठ झाले याचीच सरांना भीती वाटायला लागली.

दारात ओलाएडो उभी होती. दवाखान्यातून आलेली, पांढरा गणवेशही बदलला नव्हता. तिने त्यांच्या हातातली नकाशाची गुंडाळी घेतली. काय झालं असं तिने विचारलं नाही, कारण विचारायचं नसतं. नुसती बघत राहिली. भाऊ आजारी होता तेव्हा चार वर्षांची ओलाएडो अशीच दारात उभी राहून बघायची, कोण काय बातमी आणतंय.

सर खुर्चीत बसले. एबुबेची आई आतून कढईतला चमचा हातात घेऊनच आली.

“मुलगा चांगला आहे,” सर म्हणाले. “घर चांगलं आहे. माझ्याकडून हो.” मग जरा थांबून म्हणाले, “खोट आपल्या घरात आहे. आता ते लोक आपली चौकशी करतील. तेव्हा एबुबेचं कुणी काही लपवायचं नाही. मग जे होईल ते होवो.”

चमच्यातून रस्सा फरशीवर ठिबकला. दोघी एकमेकींकडे बघू लागल्या, आणि त्या बघण्यावरूनच सरांना कळलं की या खोलीत नवी बातमी फक्त त्यांनाच होती.

“ते येऊन गेले, काका,” ओलाएडो हळूच म्हणाली. “गेल्या महिन्यातच. नदुकाचे मामा आले होते. आपल्या गल्लीत पाच घरी विचारून गेले.”

“काय सांगितलं लोकांनी?”

“तुम्ही सरळ माणूस आहात असं सांगितलं. मला वाढवलंत ते सांगितलं. आणि एबुबेचं जे आहे ते.”

“गल्लीला माहीत आहे?”

ओलाएडोने मान डोलावली. सरांच्या डोळ्यांसमोरून पाहुणे जाऊ लागले. फाईल हातात घेऊन, वा सर, वा म्हणणारे, एकेक पान उलटणारे, एकमेकांकडे न बघणारे.

“तरीही शनिवारी येतायत?”

“येतायत. मामा म्हणाले, असं एक पोर आमच्या घरातही होऊन गेलं, त्यात मुलीचा काय दोष.”

एका फाटकावरून, एका टुकार सिनेमावरून आपण त्या घराला नाही म्हणायला निघालो होतो, आणि त्या घराने सगळं खरं ऐकूनही आपल्याला हो म्हटलं होतं. सरांना मान वर करवेना. मग त्यांनी, अगदी लहान आवाजात, विचारलं की मला का नाही कुणी सांगितलं.

“सांगितलं होतं,” एबुबेची आई म्हणाली. ती रागावलेली नव्हती, थकलेली होती. “दुसऱ्या वर्षाचा निकाल आला तेव्हाच म्हटलं होतं, एकदा विद्यापीठात जाऊन विचारून या. आठवतं? तीन दिवस बोलला नाहीत माझ्याशी. मग मीही गप्प बसले. मलाही ते खरं असावंसं वाटत होतं.”

सरांना आठवत होतं. तिने ‘चौकशी’ हा शब्द वापरला होता, आणि त्यांना तो फार लागला होता. स्वतःच्या पोटच्या पोराची कुणी चौकशी करतं का, असं ते तेव्हा म्हणाले होते.

त्यांनी फोन काढला आणि एबुबेला लावला. दोघी तिथेच उभ्या राहिल्या. बराच वेळ वाजल्यावर त्याने उचलला.

“हां बाबा. अभ्यासच करत होतो,” एबुबे नेहमीच्या आवाजात म्हणाला. “परवा पेपर आहे.”

त्याच्या मागे कुणीतरी ओरडत होतं की जनरेटर बंद करा, आवाज येतोय, आता शॉट घेतोय आपण. सरांनी ते स्पष्ट ऐकलं. चिठ्ठी हातात सापडली होती. आता फक्त बाही वर करायची होती, आणि ते काम त्यांना जगात सगळ्यात चांगलं येत होतं. पण त्यांना तो दिवे धरून उभा असलेला दिसला, लोटानाला तिसऱ्या संध्याकाळी कमी हसत सांगणारा, आणि त्यांच्याने ते झालं नाही.

“बाळा,” ते म्हणाले, “तू कुठे आहेस?”

“हॉस्टेलवर, बाबा.”

“मी रागावण्यासाठी विचारत नाहीये. मला माहीत नाही, म्हणून विचारतोय. तू कुठे आहेस?”

पलीकडे जनरेटर बंद झाला. एकदम सगळं शांत झालं, आणि त्या शांततेत पोराचा श्वास ऐकू यायला लागला. सर थांबले.

“असाबात,” एबुबे म्हणाला. “असाबात आहे, बाबा.”